अखेर पाव पावला

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसानं दोन गोष्टी करू नयेत, असं माझं आता अनुभवान्ती मत झालं आहे. एक, सोसायटीच्या कमिटीवर जाऊ नये आणि दोन, स्वयंपाकघरात शिरू नये. पहिली चूक मी गेली तीन वर्षं निस्तरतो आहे. दुसरी गेल्या महिन्यात केली.

दोष माझा नाही, लेकीचा आहे. ती असते बोस्टनला. एका रविवारी तिनं फोनवर टोपलीभर पाव दाखवले. लहानसे, गुबगुबीत, लोणी फासल्यामुळे तेल लावून न्हायला बसलेल्या बाळासारखे चकाकणारे. ‘डिनर रोल्स, बाबा. घरी केलेत. तासा-सव्वातासात होतात. इतके सोपे आहेत की तुम्हीसुद्धा कराल.’

या ‘सुद्धा’नं घात केला.

दुसऱ्या दिवशी मी मैदा आणला, यीस्टची पुडी आणली आणि सौभाग्यवतीला बाहेरच्या खोलीत बसवून दार लावून घेतलं. तीन वाट्या मैदा, वाटीभर दूध, दोन चमचे साखर, थोडं लोणी, चिमूटभर मीठ आणि ती पुडी. दूध कोमट घ्या असं लेकीनं सांगितलं होतं. पण आमच्या घरात दूध एक तर फ्रीजमधलं असतं किंवा उतू गेलेलं असतं. मी दुसऱ्या प्रकारचं घेतलं. परातीतला गोळा तासभर झाकून ठेवला. झाकण काढलं तेव्हा गोळा होता तेवढाच होता. फक्त थोडा उदास दिसत होता. तशीच हट्टानं भट्टी लावली आणि जे निघालं ते आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आजही उत्तम काम देत आहे.

‘मारलंत तुम्ही त्याला!’ लेक फोनवर ओरडली.

‘कुणाला?’

‘यीस्टला. जिवंत असतं ते, बाबा!’

आता मी कट्टर सोवळ्या आजीचा नातू. चहात मुंगी पडली तर अंघोळ करायला लावणारं आमचं घर. आणि मी एका पुडीतले कोट्यवधी जीव उकळत्या दुधात बुडवून मारले होते! पापाचा हिशेब लागेना, म्हणून मी पुस्तकं काढून बसलो. थोडा धीर आला. यीस्ट जिवंत आहे हे न कळलेला मी काही पहिला गाढव नव्हतो. माझ्याआधी फार मोठी माणसं त्या रांगेत उभी होती.

हॉलंडच्या लेव्हेनहुक नावाच्या कापडवाल्यानं १६८० मध्ये स्वतः घासलेल्या भिंगाखाली यीस्टचे गोल कण पाहिले. पण ते जिवंत आहेत हे त्याला सुचलं नाही. पुढची दीडशेच्या वर वर्षं कुणालाच सुचलं नाही. मग १८३७ च्या सुमारास फ्रान्समधला एक आणि जर्मनीतले दोन असे तिघे शास्त्रज्ञ आपापल्या वाटेनं एकाच ठिकाणी पोचले: ही वनस्पतीसारखी जिवंत वस्तू आहे, ती साखर खाते आणि वाढते. झालं! रसायनशास्त्रातले त्या काळचे शंकराचार्य म्हणजे लीबिग. त्यांना हे अजिबात पटलं नाही. आंबणं ही निव्वळ रासायनिक सडण्याची क्रिया, त्यात जीव कसला, असा त्यांचा निवाडा होता. त्यांनी आणि व्होलरनं मिळून १८३९ मध्ये आपल्याच शास्त्रीय मासिकात एक निनावी टवाळी छापली. यीस्टचे बारीक प्राणी असतात, ते साखर गिळतात आणि शरीराच्या एका वाटेनं मद्य, तर दुसऱ्या वाटेनं वायू सोडतात, अशी. वाटा कोणत्या, तेही त्यांनी स्पष्ट छापलं आहे. मी मात्र सांगणार नाही. हा लेख घरात सगळे वाचतात.

गंमत अशी की वाटांचा तपशील सोडला तर टवाळीच खरी ठरली. १८५७ पासून पुढं पाश्चरनं प्रयोगावर प्रयोग करून दाखवून दिलं की साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टमुळेच. तिच्याबरोबर निघणारा वायू पिठात अडकतो आणि पाव फुगतो. म्हणजे हजारो वर्षं माणूस ज्याच्या जिवावर भाकरी फुगवत होता, त्याच्याशी ओळख व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तोवर युरोपातले बेकर दारूच्या पिंपावरचा फेस आणायचे, नाही तर कालच्या पिठातला गोळा आजच्यात घालायचे. आपल्या दह्याच्या विरजणासारखंच.

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात येऊन बसले, तेव्हा त्यांची हीच अडचण झाली. पाव तर हवा, पण फुगवायचा कशानं? उत्तर माडावर टांगलेलं होतं. नारळाच्या पोयीतून काढलेला रस मडक्यात पडल्या-पडल्या आपण होऊन आंबायला लागतो. त्यालाच गोव्यात सूर आणि आपल्याकडे माडी म्हणतात. ती पिठात गेली आणि ‘पांव’ या पोर्तुगीज उच्चाराचा आपला पाव झाला. तो पायानं तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही व्युत्पत्ती मला लहानपणी शाळेतल्या मास्तरांनी छातीठोकपणे सांगितली होती. ती चूक. भाजणाऱ्याला पोर्तुगीजांत ‘पादेइरू’ म्हणतात, त्याचा गोव्यात पदेर झाला. तो सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत अजूनही कित्येक गावांत पहाटेचा येतो.

पण गोव्याची हद्द ओलांडून पाव आपल्याकडे आला आणि त्याची भलतीच कुंडली निघाली. पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि न कळत ते पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला, अशा गोष्टी आमच्या आजीपर्यंत चालत आलेल्या होत्या. एवढ्याशा तुकड्यात एवढी ताकद! यीस्टलासुद्धा इतकं जमत नाही.

म्हणूनच ज्यांना जात मोडायची होती त्यांनीही पावच हाती धरला. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा काढली. सभेत शिरणाऱ्यानं ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यायचं, हा तिथला दीक्षाविधी. मात्र सगळा कारभार गुप्त. क्रांती करायची, पण घरी कळू न देता! १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि सभा बघता-बघता विरून गेली. हसू येतं खरं. पण मी हसायचा थांबतो. त्या एका घासापायी घर, लग्न, श्राद्ध, पाणवठा सगळं तुटणार होतं. आपण पाव खाताना फार तर कोलेस्टेरॉलला भितो.

पुण्याची गोष्ट तर जगजाहीर आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी गेली होती. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी पेल्याला हात लावून ठेवून दिला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी वर्तमानपत्रात सगळ्यांची नावं छापून टाकली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि १८९२ पर्यंत धुमसत राहिलं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, टिळकांनीही घेतलं. देशाला दिशा देणारी माणसं दोन वर्षं एका पेल्याचा खुलासा करत होती.

वास्तविक आंबवलेल्याशी आमचं कधी वैर नव्हतं. आजीची आंबोळी रात्रभर आंबायची, जिलबीचं पीठ आंबायचं, दही तर रोजचं. जीव त्यांतही होतेच. भांडण पिठाशी नव्हतं आणि आंबण्याशीही नव्हतं. भांडण होतं हाताशी.

आणि त्या हाताशी माझा स्वतःचा जुना हिशेब आहे.

१९६१ साली मला विषमज्वर झाला. उठल्यावर डॉक्टरांनी दूध-पाव द्यायला सांगितलं. त्या काळी पाव हे अन्न नव्हतं, औषध होतं. कण्हण्याशिवाय ते मिळत नसे. आजीनं ते औषध सांडशीनं धरून माझ्या ताटलीत टाकलं आणि सांडशी घासायला लावली. पुढं चार वर्षांत तिचे दात गेले. भाकरी चावेना. एका दुपारी चहाच्या वेळी ती हळूच म्हणाली, ‘काय रे, तुझं ते औषध मऊ असतं ना?’ मी धावत कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला. तिनं विचारलं, ‘कुणाचे हात लागतात रे त्याला?’

मी म्हणालो, ‘कुणाचेच नाहीत, आजी. मशीन करतं.’

बेकरीत मशीन नव्हतं. घामानं निथळणारी तीन माणसं लाकडी पेटाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून पीठ तिंबायची. मी रोज बघायचो. पण आजी ‘मग ठीक’ म्हणाली, आणि पुढची सात वर्षं रोज दुपारी मशीनचा पाव चहात बुडवून खात राहिली. मोठ्या माणसाला फसवल्याचा मला उगाचच अभिमान होता.

ती गेल्यावर वडिलांना मी हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘अरे, बेकरीचं मागचं दार देवळाच्या बोळात उघडायचं. आई रोज सकाळी तिथूनच देवळात जायची.’

म्हणजे तिनं ते हात रोज पाहिले होते! तिला सत्य नको होतं, तिला पळवाट हवी होती. परमहंसांची चोरटी सभा, पुण्यातली प्रायश्चित्तं आणि आमच्या घरातलं हे मशीन, सगळी एकाच घराण्यातली. फक्त एक गोष्ट राहून गेली. सात वर्षं ज्यांनी तिला जेवू घातलं, त्या तीन माणसांना मी एका वाक्यात पुसून टाकलं होतं. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

असो. लेकीनं हार मानली नाही. मी तर सुद्धा होतो. ‘हे तासाभरात कसं होतं?’ असं विचारल्यावर तिनं सगळं समजावून सांगितलं. पूर्वी रात्रभर पीठ भिजवावं लागे. पण ऑस्ट्रिया-हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या चार्ल्स फ्लाइशमननं १८६८ मध्ये सिनसिनाटीत दाबून वड्या केलेलं यीस्ट बाजारात आणलं आणि घरोघरच्या बायकांची रात्र वाचली. तिच्याच बोस्टनमधल्या पार्कर हाऊस हॉटेलनं १८७० च्या दशकात दुमडलेले, लोणी लावलेले रोल इतके गाजवले की आजही ते हॉटेलच्याच नावानं ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धात फ्रीजशिवाय टिकावं म्हणून सैन्यासाठी यीस्ट वाळवलं गेलं. माझी पुडी त्याच कुळातली. यीस्ट सढळ हातानं घालायचं, साखर द्यायची आणि ऊब द्यायची, एवढंच घाईचं रहस्य.

‘ऊब म्हणजे किती?’

‘तान्ह्या बाळाच्या अंगावर घालाल तेवढं दूध गरम, बाबा. मला घालायचात ना, तेवढंच.’

हे माप मला कळलं. मनगटावर थेंब टाकून पाहिला. दुधात यीस्ट-साखर घातली आणि दहा मिनिटांत वर फेस आला. माझ्या डोळ्यांदेखत कुणी तरी जागं होत होतं. मग मळायला घेतलं. आधी पीठ बोटांना चिकटतं, शिव्या खातं. आठ-दहा मिनिटांनी अचानक तेच पीठ रेशमासारखं होतं आणि हाताला दाद देतं. तेव्हा कळलं, हात लागल्याशिवाय पाव होतच नाही. गोळा अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट झाला. त्याचे बारा गोळे करून लादीसारखे शेजारी-शेजारी बसवले, ते पुन्हा फुगून एकमेकांना टेकले. मग १९० अंशांवर वीसेक मिनिटं.

सौभाग्यवतीनं वास आल्यावर दार उघडून घेतलं. एक गरम रोल मोडून चहात बुडवला, खाल्ला आणि संशयानं विचारलं, ‘खरं सांगा, बेकरीतून आणलेत ना? कुणाच्या हातचे हे?’

मी पिठानं माखलेले दोन्ही हात वर केले. साठ वर्षांनी का होईना, या प्रश्नाला खरं उत्तर दिलं.