वारसा मोठा की ग्रंथ? म्हैसूरमधून दिसणारा एक जुना वाद

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात सेंट फिलोमिना कॅथेड्रलचे दोन उंच मनोरे लांबूनच दिसतात. १९३३ मध्ये चौथे कृष्णराज वडियार यांनी या इमारतीची पायाभरणी केली. कॅथेड्रल म्हणजे बिशपांचे आसन असलेले चर्च. या आसनाला एवढे महत्त्व का, हे समजले की कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील मूळ मतभेद समजतो.

मुद्दा काय आहे?

कॅथलिक मतानुसार येशूने प्रेषितांना दिलेला अधिकार त्यांनी डोक्यावर हात ठेवून पुढच्या बिशपांना दिला आणि ती साखळी आजवर अखंड आहे. यालाच प्रेषितीय वारसा म्हणतात. बायबलचा अधिकृत अर्थ सांगण्याचा हक्कही याच साखळीकडे आहे. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथरने हे नाकारले. पोप आणि धर्मसभा चुकू शकतात, म्हणून अंतिम प्रमाण शास्त्रच, असे त्याचे म्हणणे. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने शास्त्र आणि परंपरा दोन्हींना सारखाच मान दिला.

प्रयोगशाळेतले उदाहरण घ्या. एखादी मोजपट्टी बरोबर आहे हे कसे ठरवाल? ती कोणत्या प्रमाणित पट्टीवरून तपासली, ती आधी कशावरून तपासली, अशी साखळी दाखवता येते. किंवा मूळ मापच समोर ठेवून थेट ताडून पाहता येते. कॅथलिक पहिल्या मार्गावर भर देतात, प्रोटेस्टंट दुसऱ्यावर. मात्र कॅथलिक विचारतात, नव्या करारात कोणती पुस्तके असावीत हे तरी कोणी ठरवले? चर्चनेच ना? प्रोटेस्टंट उत्तर देतात की चर्चने ती पुस्तके ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही.

म्हैसूरमधील पडसाद

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर आबे द्युब्वा हा फ्रेंच कॅथलिक पाद्री म्हैसूर प्रांतात काम करू लागला. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्याने प्रोटेस्टंटांच्या बायबल-वाटपावर कडक टीका केली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मेजवानीसाठी पोसलेले वासरू कापले जाते. पूर्वतयारी नसलेला हिंदू वाचक तिथेच पुस्तक मिटेल, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. पुढच्याच वर्षी जेम्स हफ या इंग्रज पाद्रीने पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले.

मराठीतही हे दोन मार्ग दिसतात. कॅथलिक फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये बायबलची कथा 'ख्रिस्तपुराणा'त ओवीबद्ध केली. ते भाषांतर नव्हे. श्रोत्याच्या ओळखीच्या पुराणशैलीतले कथन आहे. बॅप्टिस्ट विल्यम कॅरीच्या श्रीरामपूर छापखान्याने १८११ मध्ये मराठी नवा करार छापून वाचकाच्या हातात मूळ ग्रंथच ठेवला.

पुढे काय झाले?

२७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. म्हैसूरचे वेस्लियन मेथडिस्टही त्यात सामील झाले. बिशपांच्या वारशावाचून चाललेल्या या मंडळींनी आता बिशपपद स्वीकारले. पण आधीच्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावली नाही. पाळकांचे पूर्वीचे कार्य अप्रमाण ठरू नये, हा त्यामागचा हेतू होता. दुसरीकडे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज मिळावे, असे सांगितले.

दोन्ही बाजू अशा जवळ आल्या, पण प्रश्न सुटला नाही. अर्थावरून वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? द्युब्वाची भीती आणि हफचा आग्रह या दोन्हींत काही तथ्य आहे का, याचा स्वतः विचार करा. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, तेव्हाही ग्रंथ कोणासाठी आणि त्याचा अर्थ कोणी सांगायचा, हाच प्रश्न होता. दोन्ही प्रसंगांची तुलना करून एक परिच्छेद लिहा.