गोधडीमागचा स्टुडिओ आणि ढोलकीवाल्याचं नाव

परवा रात्री भाच्याच्या खोलीत गेलो तर भिंतीला घरातल्या दोन गोधड्या टांगलेल्या. "मामा, आवाज घुमतो ना," म्हणाला. जुना लॅपटॉप, स्वस्तातला माईक, कानाला हेडफोन. पोरगं हिपहॉपचे बीट करतंय. रात्री उशिराच का बसतो, तर गळीत हंगाम सुरू आहे. दिवसभर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून दारावरनं जातात, त्यात रेकॉर्डिंग कसलं होतंय!

त्यानं एक बीट ऐकवला. मध्येच ढोलकी आली, अस्सल फडावरची. कुणाची विचारलं. "यूट्यूबवर लावणीचा जुना व्हिडिओ होता, त्यातनं उचलली." वाजवणारा कोण? ते त्याला माहीत नव्हतं. "सगळेच घेतात, मामा."

त्याचं खोटं नाही. हिपहॉप उचलण्यावरच उभं राहिलंय. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या 1520 नंबरच्या इमारतीत एका पोरीनं शाळेच्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून पार्टी ठेवली. तिचा 18 वर्षांचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, रेकॉर्ड लावायला होता. कुटुंब जमैकातून आलेलं. त्यानं एक गोष्ट हेरली होती. गाणारा थांबतो, नुसते ड्रम वाजतात, तेव्हाच पोरं नाचायला पेटतात. मग तो एकच रेकॉर्ड दोन तबकड्यांवर लावून तेवढाच तुकडा लांबवायचा. आपल्याकडं लावणीत बाई थांबते, ढोलकीचा तोडा पडतो आणि शिट्ट्या सुरू होतात ना, तीच जागा.

पुढं यंत्रं आली. 1987 च्या एसपी-1200 मध्ये जेमतेम दहा सेकंदांचे आवाज मावायचे, त्यावर लोकांनी आख्खे अल्बम केले. 1997 ला बेल्जियममधून फ्रुटीलूप्स आलं, आजचं एफएल स्टुडिओ, आणि स्टुडिओ घरात शिरला. कुर्ल्याच्या नेझीनं 2014 मध्ये 'आफत' आयपॅडवर केलं. म्हणजे महागड्या सामानावाचून अडत नाही, हे भाचा म्हणतो ते खरंच.

पण ज्याचं उचललं त्याचं काय झालं? 1969 मध्ये द विन्स्टन्स या बँडचं 'आमेन, ब्रदर' आलं. त्यात ग्रेगरी कोलमननं सहा-सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवले. तो तुकडा पुढं हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याची रॉयल्टी कधी मिळाली नाही, 2006 मध्ये तो गरिबीतच गेला. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'चा क्लाइड स्टबलफील्ड, त्याचीही तीच कथा.

हे वाचून आपण अमेरिकेला नावं ठेवायची कारण नाही. अकलूजला नव्वदच्या दशकात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली, मी पोरगा असल्यापासून पाहत आलो. संगीतबारीच्या बायकांना इथं मानाचं स्टेज मिळालं, घरच्या बायका समोर बसून लावणी बघायला लागल्या, हे मोठंच काम. नाचणाऱ्यांची नावं आजही धडाधड सांगेन. ढोलकीवाल्याचं म्हणाल तर मला एक नाव आठवेना. लाजच वाटली. ज्याच्या थापेवर शिट्टी मारली तो माणूस डोक्यात राहिलाच नाही.

कायदा मात्र आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 ला दुरुस्ती झाली. कलम 38अ नं वादकाला व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला, 38ब नं त्याचं नाव लागण्याचा. आता फडावरच्या माणसाला हे कोण सांगणार आणि तो कुठल्या कोर्टात जाणार, ते सोडा.

भाच्याला म्हटलं, तो तुकडा काढ. रुसला दोन दिवस. मग आम्ही शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडं गेलो. पूर्वी बारीत होते, आता भजनात वाजवतात. पहिला प्रश्न, "सुपारी किती?" दोन हजार ठरले. गाणं चाललं तर वरचं वेगळं, हे वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. भाच्यानं मेट्रोनोमची टिकटिक त्यांच्या कानात लावली, तर दोन मिनिटांत काढून ठेवली. "हे बंद कर बाळा, मी पळवीन तसं पळू दे." अर्धा तास वाजवलं, मधी एकदा चहा.

बीटला भाच्यानं त्यांचं नाव आधी घातलंय, आपलं मागून. गाणं अजून झालेलं नाही. म्हातारा तोड्याला वेग घेतो, ठोके कॉम्प्युटरच्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून पोरगं रात्र-रात्र कापत बसलंय. काल त्याचीच आई विचारत होती, थंडी पडलीय, गोधड्या कधी मिळणार.