एरिन फिलिप्स

एरिन फिलिप्स (जन्म: १९ मे १९८५) या ऑस्ट्रेलियाच्या माजी व्यावसायिक बास्केटबॉलपटू आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलपटू आहेत. बास्केटबॉलमध्ये त्यांनी ऑलिंपिक रौप्यपदक आणि अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए स्पर्धेची दोन विजेतेपदे मिळवली. वयाच्या ३१ व्या वर्षी त्या एएफएलडब्ल्यू या महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत उतरल्या आणि अ‍ॅडलेड संघासोबत तीनदा विजेत्या ठरल्या. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार त्यांना २०१७ आणि २०१९ मध्ये मिळाला.

प्रारंभिक जीवन

एरिन यांचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट अ‍ॅडलेड संघाचे नामवंत बचावपटू होते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राज्यस्तरीय स्पर्धेत त्यांनी या संघाकडून आठ विजेतेपदे मिळवली. मेलबर्नच्या कॉलिंगवूड संघाकडूनही ते खेळले. घरात फुटबॉलचेच वातावरण असल्याने एरिन लहानपणी मुलांच्या संघातून हा खेळ खेळत. मात्र त्या काळी ठरावीक वयानंतर मुलींना मुलांसोबत खेळण्याची परवानगी नव्हती आणि मुलींसाठी पुढचा मार्गही उपलब्ध नव्हता. त्यामुळे १३ व्या वर्षी त्यांना फुटबॉल सोडावा लागला. त्यानंतर त्यांनी बास्केटबॉलवर लक्ष केंद्रित केले.

बास्केटबॉल कारकीर्द

फिलिप्स यांनी अ‍ॅडलेड लाइटनिंग संघाकडून ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय महिला स्पर्धेत खेळण्यास सुरुवात केली. २००५ च्या डब्ल्यूएनबीए खेळाडू निवडीत कनेक्टिकट सन या संघाने त्यांना घेतले आणि २००६ मध्ये त्यांनी तेथे पदार्पण केले. गार्ड म्हणून खेळताना बचावातील चिकाटी ही त्यांची ओळख बनली. २०१२ मध्ये इंडियाना फीव्हर आणि २०१४ मध्ये फिनिक्स मर्क्युरी या विजेत्या संघांत त्यांचा समावेश होता. त्यानंतर त्या लॉस एंजेलिस आणि डॅलस येथील संघांकडून खेळल्या.

२००६ साली जागतिक अजिंक्यपद पटकावणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघात त्या होत्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये संघाने रौप्यपदक मिळवले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मात्र त्या पुन्हा संघात होत्या.

फुटबॉलमध्ये पुनरागमन

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लंबगोलाकार मैदानावर खेळला जातो. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू पार केल्यास गोल होऊन सहा गुण मिळतात. चेंडू बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक गुण मिळतो. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक बाजूचे १८, तर एएफएलडब्ल्यूमध्ये १६ खेळाडू मैदानात असतात.

एएफएलडब्ल्यूचा पहिला हंगाम फेब्रुवारी २०१७ मध्ये आठ संघांसह सुरू झाला. बहुतेक खेळाडूंना त्या हंगामासाठी सुमारे ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर मानधन होते, त्यामुळे अनेकजणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत. पोर्ट अ‍ॅडलेडचा महिला संघ तेव्हा अस्तित्वात नव्हता. फिलिप्स यांनी त्याच शहरातील प्रतिस्पर्धी अ‍ॅडलेड क्रोजशी करार केला आणि १३ क्रमांकाचा पोशाख घेतला. चेल्सी रँडल यांच्यासह त्यांच्याकडे संघाचे संयुक्त कर्णधारपद देण्यात आले.

२५ मार्च २०१७ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात अ‍ॅडलेडने ब्रिस्बेनचा ३५–२९ असा पराभव केला. दोन गोल करणाऱ्या फिलिप्स सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. पंचांच्या मतांवर दिला जाणारा स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पहिला पुरस्कारही त्यांनाच मिळाला.

२०१९ चा अंतिम सामना

३१ मार्च २०१९ रोजी अ‍ॅडलेड ओव्हलवर अ‍ॅडलेड आणि कार्लटन यांच्यात अंतिम सामना झाला. त्यासाठी ५३,०३४ प्रेक्षक उपस्थित होते. महिला फुटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी त्यापूर्वी कधीही झाली नव्हती. अ‍ॅडलेडने ६३–१८ असा विजय मिळवला. तिसऱ्या सत्रात फिलिप्स यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. त्या वेळी प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. कार्लटनच्या खेळाडूंनीही त्यांना दाद दिली. सामना पूर्ण खेळता आला नाही, तरीही सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांचीच निवड झाली. त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कारही त्यांनी दुसऱ्यांदा पटकावला.

शस्त्रक्रिया आणि दीर्घ पुनर्वसनानंतर २०२० च्या हंगामाच्या उत्तरार्धात त्या मैदानावर परतल्या. कोविड-१९ साथीमुळे तो हंगाम विजेत्याविना संपला. २०२१ च्या अंतिम सामन्यात अ‍ॅडलेडला ब्रिस्बेनकडून पराभव पत्करावा लागला. ९ एप्रिल २०२२ रोजी मेलबर्नला १३ गुणांनी हरवून संघाने तिसरे विजेतेपद मिळवले.

पोर्ट अ‍ॅडलेड आणि निवृत्ती

पोर्ट अ‍ॅडलेडचा महिला संघ २०२२ मध्ये स्पर्धेत दाखल झाला. विजेता संघ सोडून फिलिप्स या नवख्या संघात गेल्या आणि त्याच्या पहिल्या कर्णधार झाल्या. तेथे त्यांनी वडिलांचा २२ हा क्रमांक घेतला. पहिल्या हंगामात संघाला फारसे यश मिळाले नाही. २०२३ च्या हंगामानंतर, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती घेतली.

वैयक्तिक जीवन

फिलिप्स यांच्या पत्नी ट्रेसी गॅहन या अमेरिकेच्या माजी बास्केटबॉलपटू आहेत. फुटबॉलमधील पदार्पणाच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, या दांपत्याला जुळी अपत्ये झाली. २०१७ च्या पुरस्कार सोहळ्यात नाव जाहीर होताच फिलिप्स यांनी पत्नीचे चुंबन घेतले. ऑस्ट्रेलियात तेव्हा समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नसल्याने या प्रसंगाची मोठी चर्चा झाली. ही मान्यता त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिळाली.