विभक्तिरूपे, मराठी बोलींतील
नामाला विभक्तिप्रत्यय जोडण्याची रीत प्रदेशागणिक बदलते. ‘गाव’ या नामाचे चतुर्थीचे रूप प्रमाण मराठीत ‘गावाला’, वऱ्हाडीत ‘गावाले’, मालवणीत ‘गावाक’, तर खानदेशातील अहिराणीत ‘गावले’ असे होते. पहिल्या तीन रूपांत प्रत्यय भिन्न असले, तरी ‘गावा-’ हे सामान्यरूप कायम आहे. अहिराणीचा प्रत्यय वऱ्हाडीसारखाच. तो मात्र मूळ नामालाच लागतो. सप्तमीतही ती ‘गावात’ऐवजी ‘गावमा’ म्हणते व ही घडण गुजरातीतील ‘गाममां’शी जुळते. केवळ प्रत्यय पाहून बोलींचे नाते ठरविणे म्हणूनच धोक्याचे होय.

जॉर्ज ग्रीअर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणात कोकणीचा समावेश मराठीच्या सातव्या खंडात (१९०५) केला. खानदेशीला मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोलींच्या शेजारी बसविले. या वर्गीकरणावर पुढे बराच वाद झाला. सामान्यरूपाची कसोटी लावल्यास ते निराधार नव्हते, हे मान्य करावे लागते. कारण ‘गांवाक’ म्हणणारी कोकणी या बाबतीत प्रमाण मराठीला अहिराणीहून जवळची ठरते. भाषेचा दर्जा अर्थात व्याकरणावर ठरत नाही. कोकणीला १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र स्थान मिळाले. खानदेशीची नोंद २०११ च्या जनगणनेत मराठीहून वेगळी, परंतु अनुसूचीबाहेर झाली. ‘-क’ प्रत्ययात कोकणीची सहभागी असलेली मालवणी मात्र अनेकदा मराठीची बोली मानली जाते.