नवी हिमालयन, नळदुर्ग आणि आजीची बैलगाडी

घेतली एकदाची! पितृपक्ष लागायच्या आत गाडी घरी आण, असा आईचा हुकूम होता. त्यामुळे गणपतीतच रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० दारात उभी राहिली. ४५२ सीसी, वजन १९६ किलो, सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. माझी उंची बेताची, सिग्नलला एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर. मित्र म्हणाला, "लडाखला चाललास काय बे?" म्हटलं, "आधी नळदुर्ग."

कारणं दोन. नवं इंजिन पहिले ५०० किलोमीटर ताणायचं नसतं, आणि सोलापूरहून नळदुर्ग जाऊन-येऊन शंभरच्या आसपास. दुसरं म्हणजे शनिवारची तारीख होती १३ सप्टेंबर. तिचं काय ते पुढे सांगतो.

आधी गाडीबद्दल. हिच्यावर आपण बसत नाही, चढतो. हैदराबाद रोडनं बोरामणीच्या पुढं गेलो तर तुरीच्या रानापलीकडचं रानही दिसत होतं. फुटरेस्टवर उभं राहिलं की विचारूच नका. एक खड्डा मुद्दाम चुकवला नाही. पुढचं २१ इंची चाक खाली जाऊन वर आलं, हाताला नुसती चाहूल. माझ्या जुन्या शंभर सीसीवर तिथे मणक्यानं हजेरी दिली असती.

अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल ही जात तशी तरुण. बीएमडब्ल्यूनं १९८० मध्ये आर ८० जी/एस काढली, रानात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारी. १९८१ मध्ये ह्युबर्ट ऑरिओलनं तिच्यावर पॅरिस-डाकार रॅली जिंकली आणि जगभर ऑफिसात बसणाऱ्यांना वाळवंटाची स्वप्नं पडू लागली. मीही त्यातलाच. रात्री घरी जेवायला परत येणार हे पक्कं माहीत असतं, म्हणून आपण त्याला साहस म्हणतो.

तांदुळवाडी सोडून इटकळकडं निघालं की सोलापूर जिल्हा संपतो आणि धाराशिव लागतो. कळतसुद्धा नाही. १९४८ साली मात्र साधारण इथेच सरहद्द होती. अलीकडे मुंबई प्रांत, पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापूर स्वतंत्र झालं, नळदुर्ग नाही. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांचा जाच वाढला, तशी मराठवाड्यातली हजारो माणसं सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शीकडं आली.

त्यात माझी आजी होती. वय सोळा. इटकळच्या पलीकडचं गाव, उन्हाळ्यातली रात्र. आवाज नको म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या. गाय बरोबर न्यायची सोय नव्हती, ती शेजारच्या पिंजाऱ्याच्या दारात बांधली. "जावा तुमी, गाय माझ्याकडं हाय," एवढंच तो म्हणाला. आजी ही गोष्ट खूपदा सांगायची आणि गायीपाशी थांबायची.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून याच रस्त्यानं निघालं. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालचं हे ऑपरेशन पोलो. पहिली लढाई नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शत्रूनं उडवला असता तर सगळा ताफा अलीकडेच अडकला असता. सातव्या ब्रिगेडनं अचानक धडक देऊन तो शाबूत ताब्यात घेतला. पाच दिवसांत संस्थान शरण आलं. १७ सप्टेंबर आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

नळदुर्गच्या किल्ल्यात, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल बघितला. तो चक्क बोरीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे. तिथेच कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली.

शाळेतला आमचा धडा विजयापाशी संपायचा. पुढचं मला फार उशिरा कळलं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. बहुतेक मुसलमान, त्यात कितीतरी निरपराध. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे आजचा धाराशिव. अहवाल कित्येक दशकं कपाटातच राहिला.

आजीची माणसं दिवाळीच्या सुमारास गावी परतली. गाय आमच्याच दावणीला बांधलेली होती. पिंजाऱ्याचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. आजीनं विचारलं तर थोरले म्हणाले, "गप बस." ती गप्प बसली, ती थेट २०१० पर्यंत. मरायच्या आदल्या वर्षी मला म्हणाली, "त्याचं नाव मला ठावं हाय रे. कुणी इचारलंच न्हाई." माझा तेव्हा रिलीज होता, कानाला फोन होता. मीही विचारलं नाही.

परतताना गाडी त्या गावाकडं वळवली. शेवटचे दोन किलोमीटर काळ्या रानातली वाट, वर पाऊस झालेला. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल ठासून बसला आणि गाडी निवांत आडवी झाली. १९६ किलो म्हणजे किती, ते तेव्हा कळलं. रानातली दोन पोरं धावत आली, तिघांनी मिळून उचलली. "किती पडते हो काका?" हा प्रश्न आलाच. किंमत सांगितली आणि मग माझा प्रश्न विचारला. पिंजाऱ्याचं घर कुठं होतं, त्यांना माहीत नव्हतं. "आज्याला इचारून सांगतो," थोरला म्हणाला. त्याला माझा नंबर देऊन आलो.

फोन अजून आलेला नाही. पहिलं सर्व्हिसिंग झालं की परत जाईन. लडाख बघू नंतर.