मोसमाचे दफ्तर

पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज अमदानीतील जे जुने दफ्तर जतन झाले आहे, त्यातील एका मोठ्या ग्रंथमालेस राज्याकडील मोसमांच्या वह्या अशा अर्थाचे नाव असल्यामुळे, तीत पर्जन्यमानाच्या नोंदी सापडतील अशी कोणाचीही समजूत व्हावी. परंतु वह्या उघडताच हाती लागतात ती लिस्बनच्या राजाची आज्ञापत्रे आणि गोव्याच्या व्हाइसरॉयांनी त्यांस धाडलेले जबाब. मोसम म्हणजे येथे आरमाराची वार्षिक खेप होय. मार्च-एप्रिलात लिस्बनहून सुटलेली जहाजे आफ्रिकेस वळसा घालून, नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या आधाराने सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी येत, आणि वारा ईशान्येकडे फिरला की डिसेंबर-जानेवारीत परतीस लागत. त्यामुळे एका खलित्याचा जबाब राजाच्या हाती पडण्यास सुमारे दीड वर्ष लोटे.

हा शब्द पोर्तुगीजांनी अरब दर्यावर्द्यांकडून घेतला. अरबी ‘मौसिम’चा अर्थ नेमलेला काळ, आपला ‘मोसम’ही त्याच कुळातला. कोकणच्या खलाशाला मात्र हा अर्थ कोणी शिकवावा लागला नाही, कारण मृगाच्या तोंडावर तरांडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारावयाची आणि नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पण करून मगच पुन्हा पाण्यात लोटावयाची, हा त्याच्या घरचा दंडकच होता.

वाऱ्याचा हा शब्द पावसाचा झाला तो जमिनीवर, जेथे जमाबंदी आणि आणेवारी या दोहोंचे भवितव्य आभाळाकडे डोळे लावून बसलेले असे. एडमंड हॅलीने १६८६ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशात समुद्रावरील वाऱ्यांच्याच दिशा रेखाटल्या होत्या. पण १८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळानंतर, नुकत्याच स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातील बर्फावरून पुढील पावसाचे अनुमान बांधू लागले, आणि १८८६पासून तसा अंदाज रीतसर निघू लागला. मोसमाची चौकशी तेव्हापासून इंचांत होऊ लागली, आणि अन्नान्न झालेल्या मुलखात ती तशीच होणे न्याय्य होते.

तथापि व्याख्येच्या प्रश्नात मी खलाशाच्याच बाजूचा आहे. जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांतील प्रचलित वाऱ्यांच्या दिशांत निदान १२० अंशांचा फरक पडला पाहिजे, अशी कसोटी रशियन शास्त्रज्ञ ख्रोमोव्ह यांनी १९५७ साली घातली. या कसोटीने पाहता फ्लोरिडात भर उन्हाळ्यात कितीही मुसळधार पाऊस कोसळला, तरी तेवढ्याने तेथील हवामान मोसमी ठरत नाही. उलट मद्रासेस निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर पडतो, तरी तो सर्वस्वी मोसमीच होय, कारण त्याच्या आधी वारा फिरलेला असतो.