गाणं आपलं, चेहरा कुणाचा?

गेल्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी, आमच्या वस्तीतल्या एका पोराच्या गाण्याचा व्हिडिओ करायला आम्ही बसलो होतो. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. मागे कुठली कंपनी नाही. गाण्याचा विषय त्याची आजी, जिने तीस वर्षं शहराचे रस्ते झाडले. पोरांनी यादी करून आणली होती: ड्रोन, भाड्याची काळी गाडी, गॉगल, धूर. यादीत सगळं होतं, आजी नव्हती. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं, "दादा, व्हिज्युअल भारी पाहिजे ना. आजी घेतली तर डॉक्युमेंटरी वाटेल."

या उत्तरावर हसून पुढे जाता येत नाही. आपलं दुःख गाण्यात चालतं, पण आपलं माणूस पडद्यावर नको, हे त्या पोराला कुणी शिकवलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे गाण्यावर नाव लिहिण्याची एक जुनी रीत आहे. चोखोबांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं. सोयराबाईंनी तर 'चोख्याची महारी' अशी ओळख सांगत जातीसकट सही केली. ज्यांना देवळाच्या दारात उभं राहू दिलं नाही, त्यांचं नाव सातशे वर्षं टिकलं. कारण ते कुठल्या पाटीवर नव्हतं, ते अभंगात ओवलेलं होतं. अभंग म्हणायचा तर नाव घ्यावंच लागतं. हीच ती नाममुद्रा.

आंबेडकरी गाण्याने ही रीत पुढे चालवली. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोहोचली ती या जलशांमुळे. आणि जलशात नुसतं ऐकायचं नसे, बघायचंही असे. गावात मान खाली घालून चालणारा माणूस स्वच्छ कपड्यांत, ताठ मानेने मंचावर उभा राहून सवाल-जवाब करतो, हे दृश्य स्वतःच एक भाषण होतं. म्हणजे 'व्हिज्युअल' आपल्याला इंटरनेटने दिलेलं नाही. ते आपल्याकडे आधीपासून आहे.

पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ते गाणं कुणीही गावो, कुठेही गावो, कवी सोबत येतोच. मग कॅसेटचा काळ आला. आमच्या घरातल्या कॅसेटी आम्हाला आठवतात: कव्हरवर गायकाचा मोठा फोटो, कंपनीचं ठळक नाव आणि कवी असलाच तर एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. वामनदादांना त्या कव्हरची गरज पडली नाही. त्यांनी सही आत करून ठेवली होती.

आता मोबाईलचा काळ आहे. गाणं आधी दिसतं, मग ऐकू येतं. कवीचं नाव कडव्यातून निघून व्हिडिओखालच्या मजकुरात गेलं, आणि तो मजकूर किती जण उघडून वाचतात? पोस्टरवर कोण आणि मंचावर कोण हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. नाव गाण्याच्या बाहेर गेलं की ते कापता येतं.

हे पोरांना कसं पटवायचं? त्या रात्री आम्ही त्यांना तामिळनाडूतलं एक गाणं दाखवलं: 'एन्जॉय एन्जामी'. मार्च २०२१ मध्ये माज्जा या स्वतंत्र संगीताच्या मंचावरून ते आलं. धी आणि अरिवु यांचा आवाज, संतोष नारायणन यांची निर्मिती, व्हिडिओचे दिग्दर्शक अमित कृष्णन. अरिवु हा अरक्कोणमचा आंबेडकरी रॅपर. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधून तो पुढे आला.

गाणं कोट्यवधी लोकांनी पाहिलं, त्यावर नाचले. पण त्याच्या मुळाशी अरिवुची आजी आहे, वल्लीअम्माल. ती श्रीलंकेतल्या चहामळ्यात राबलेली बाई. इंग्रजांच्या काळात तामिळ भूमिहीन मजुरांना तिकडच्या मळ्यांवर नेलं गेलं. त्यांत दलित मोठ्या संख्येने होते. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने या मळामजुरांपैकी बहुसंख्यांना बिनदेशाचं करून टाकलं. १९६४ मध्ये सिरिमाव्हो-शास्त्री करार झाला आणि ५ लाख २५ हजार माणसं भारताने परत घ्यायची असं ठरलं. दोन सरकारांनी माणसं वाटून घेतली, माणसांना कुणी विचारलं नाही. ज्यांनी मळे फुलवले त्यांच्या हातात ना तिथली जमीन राहिली, ना इथली. 'एन्जामी' हा शब्दही असाच दुहेरी आहे. मजुराने मालकाला म्हणायचा 'माझे धनी', आणि आजीने नातवाला लाडाने म्हणायचाही तोच.

आता व्हिडिओ बघा. त्यात रंग आहे, पोशाख आहे, नाच आहे, कल्पकता ठासून भरलेली आहे. कुणी त्याला 'डॉक्युमेंटरी' म्हणणार नाही. आणि त्याच चौकटीत वल्लीअम्माल स्वतः दिसते. राबलेल्या माणसांना दीनवाणं करून दाखवलेलं नाही, ती या भूमीची मूळ माणसं म्हणून दिमाखात दिसतात. आमच्या मते ही आजच्या काळातली नाममुद्रा आहे. वामनदादांनी कडव्यात जे केलं, तेच इथे चित्रात झालं.

पुढे काय झालं तेही पोरांना सांगितलं. ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या यशाचं कौतुक झालं. फोटो होते धी आणि शान व्हिन्सेंट द पॉल यांचे. अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला, गदारोळ झाला, तेव्हा मासिकाने अरिवुचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. २८ जुलै २०२२ ला चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणं सादर झालं, तेव्हाही मंचावर अरिवु नव्हता. गाण्यामागचे कष्ट आपले आहेत, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. धी आणि संतोष नारायणन यांनीही आपली बाजू मांडली: गाणं तिघांचं आहे, श्रेय आणि उत्पन्न तिघांत सारखं आहे. मार्च २०२४ मध्ये संतोष यांनीच सांगितलं की या गाण्यातून तिघांपैकी कुणालाही एक पैसा मिळालेला नाही.

इथे आम्हाला कुणा एका गायिकेला किंवा संगीतकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. तीन जणांच्या गाण्यात पुन्हा पुन्हा एकच जण का गळतो, आणि तो नेमका दलितच कसा असतो? पण दुसरी बाजूही बघा. तो गळाला हे लोकांच्या ताबडतोब लक्षात का आलं? कारण कोट्यवधी लोकांनी त्याला आणि त्याच्या आजीला आधीच पाहिलं होतं. मुखपृष्ठ त्याला वगळू शकलं, व्हिडिओ वगळू शकला नाही. चित्र साक्षीदार झालं.

काही मित्र म्हणतील, चेहरे कसले मोजता, विचार महत्त्वाचा. विचार महत्त्वाचा आहेच. पण आपल्या विचाराला बाबासाहेबांच्या सुटापासून वेगळं करून बघा. ज्या समाजाने काय नेसायचं याचेही नियम घातले होते, त्या समाजासमोर तो सूट हा युक्तिवाद होता. आपण कसे दिसतो हे दुसऱ्याने ठरवायचं, ही जातीचीच एक रीत आहे.

म्हणून गाणाऱ्या-लिहिणाऱ्या तरुणांना आमचं सांगणं एवढंच. ज्याच्यावर गाणं आहे त्याला चौकटीत आणा, तेही मधोमध. लिहिणाऱ्याचं नाव खालच्या मजकुरावर सोडू नका, चित्रातच घाला: भिंतीवर रंगवा, डफावर लिहा, नाहीतर जुन्या रीतीने कडव्यातच ओवा. आणि कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही राखला. अपलोड करण्याआधी कुणाचं काय आणि किती, हे सह्यांनिशी लिहून ठेवा. मैत्री आहे म्हणून कागद नको, हा भाबडेपणा आपल्याला परवडणारा नाही.

आमच्या वस्तीतल्या व्हिडिओचं काय झालं? गाडी रद्द झाली. त्या पैशात पोरांनी अख्खी गल्ली निळी रंगवली. आजीला मधोमध खुर्चीवर बसवलं. ती कुरकुरली, "माझा कशाला फोटू काढता रं, त्येचा काढा की." नातू म्हणाला, "आज्जे, गाणं तुझं हाय." तिने पदर सारखा केला आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. शेवटच्या कडव्यात आता तिचं नाव आहे, आणि त्याचंही.

जयभीम!